विश्लेषण : टर्नरच्या व्हेनिसमध्ये एवढा उजेड आला कुठून? आणि त्या चित्राशेजारी कोळशाची रात्र का?

एका चित्रात लख्ख दिवस आहे, दुसऱ्यात चांदणी रात्र. एकात इटलीतले कालव्यांचे शहर व्हेनिस, दुसऱ्यात इंग्लंडमधले कोळशाचे बंदर. दोन्ही चित्रे जोसेफ मॅलॉर्ड विल्यम टर्नर या इंग्रज चित्रकाराची. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ती एका वर्षाच्या अंतराने लागली, एकाच गिरणीमालकाच्या घरी गेली आणि आज दोन्ही वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. व्हेनिसचे चित्र एकटे पाहिले तर ते सुंदर देखावा वाटते. जोडीने पाहिले की त्यातला उजेड काहीतरी वेगळे सांगू लागतो. हा उजेड रंगांतून कसा तयार झाला, स्थिर कॅनव्हासवर पाणी हलते कसे आणि या सगळ्याचा कोळशाशी संबंध काय, हे समजून घेऊ.

चित्र कोणते, त्यात काय दिसते?

‘व्हेनिस : डोगाना आणि सान जॉर्जो माज्जोरे’ हे तैलचित्र टर्नरने १८३४ मध्ये प्रदर्शित केले. उंची साधारण ९१ सेंटिमीटर, रुंदी १२२ सेंटिमीटर. म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीएवढे.

ग्रँड कॅनाल हा व्हेनिसचा मुख्य जलमार्ग. तो जिथे संपून मोकळ्या पाण्याला मिळतो, त्या टोकावर डोगाना ही इमारत आहे. डोगाना म्हणजे जकातघर. समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर व्हेनिसचे प्रजासत्ताक इथे कर घेत असे. आज दिसणारी इमारत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. तिच्या माथ्यावर दोन पुरुषाकृतींनी तोलून धरलेला सोनेरी गोल आहे आणि गोलावर भाग्यदेवतेची मूर्ती. ही मूर्ती वातकुक्कुटासारखी वाऱ्याबरोबर फिरते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पाण्यापलीकडे, वेगळ्या बेटावर, सान जॉर्जो माज्जोरे हे चर्च आहे. आंद्रेआ पलाडिओ या वास्तुविशारदाने १५६६ मध्ये त्याचे काम सुरू केले. त्याचा पांढराशुभ्र दर्शनी भाग पलाडिओच्या मृत्यूनंतर पूर्ण झाला.

टर्नरने आपल्याला पाण्यावर, होडीत बसल्यासारखे ठेवले आहे. उजवीकडे डोगाना, डावीकडे दूरवर सान जॉर्जोचा मनोरा. मध्ये गोंडोला आणि माणसांनी भरलेल्या होड्या. वर निळे आकाश, क्षितिजाकडे जाताना फिकट होत गेलेले. इमारती ओळखू येतात, पण चित्राचा मोठा भाग आकाशाने आणि पाण्याने व्यापला आहे. शहर मधल्या पट्ट्यात आहे. त्याच्या वर उजेड आणि खाली त्याच उजेडाचे प्रतिबिंब.

टर्नर व्हेनिसमध्ये किती दिवस राहिला?

ज्या माणसाच्या नावाशी व्हेनिस इतके जोडले गेले, तो तिथे तीनदाच गेला. १८१९, १८३३ आणि १८४० मध्ये. तिन्ही भेटींचे दिवस मिळवले तरी चार आठवडे भरत नाहीत.

टर्नरचा जन्म १७७५ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील न्हावी. चित्रकलेतली त्याची तयारी इतकी लवकर दिसली की वयाच्या चौदाव्या वर्षीच तो रॉयल अकॅडमीशी जोडला गेला. व्हेनिसचे पहिले तैलचित्र त्याने १८३३ च्या उन्हाळी प्रदर्शनात मांडले, दुसऱ्या भेटीच्या काही महिने आधी. म्हणजे हे चित्र त्याने चौदा वर्षांपूर्वीच्या वह्या आणि आठवण यांच्या भरवशावर रंगवले. त्यात एका कोपऱ्यात कानालेत्तो हा अठराव्या शतकातला व्हेनिसचा प्रसिद्ध चित्रकार काम करताना दाखवला आहे.

कानालेत्तोचे व्हेनिस काटेकोर आहे. खिडक्या मोजता येतात, सावल्या पट्टीने आखल्यासारख्या. टर्नरला अशी अचूकता जमत होती, पेन्सिलच्या रेखाटनांत ती दिसतेही. मात्र प्रवासात तो मुख्यतः भराभर पेन्सिलने टिपणे काढायचा आणि तैलचित्र लंडनच्या स्टुडिओत रंगवायचा. त्यामुळे कॅनव्हासवर जे उतरले, ते डोळ्यांनी पाहिलेले आणि मनात मुरलेले असे दोन्ही आहे.

‘रोमँटिक’ म्हणजे प्रेमकथेतले का?

नाही. कलेच्या इतिहासात रोमँटिसिझम म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात पसरलेली एक प्रवृत्ती. नियम, समतोल आणि तर्क यांच्यापेक्षा अनुभव, निसर्गाची ताकद, काळाचा तडाखा आणि माणसाचे क्षणभंगुरपण यांना तिने जास्त महत्त्व दिले. पडके किल्ले, वादळे, धुके, बुडणारी जहाजे हे विषय म्हणूनच त्या काळात पुन्हा पुन्हा येतात.

व्हेनिस या प्रवृत्तीसाठी आयतेच ठिकाण होते. अनेक शतके भूमध्य समुद्रातल्या व्यापारावर वर्चस्व गाजवलेले हे प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजांपुढे संपले. टर्नर गेला तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचे राज्य होते. राजवाडे जागेवर होते, पण त्यांना पोसणारा व्यापार ओसरला होता. कवी बायरनने आपल्या काव्यातून हे गतवैभव इंग्लंडच्या घराघरांत पोहोचवले होते. टर्नरने आपल्या अनेक चित्रांसोबत बायरनच्या ओळी छापल्या.

कॅनव्हासवर एवढा उजेड कसा येतो?

इथे एक तांत्रिक अडचण आहे. उन्हात चकाकणारे पाणी आणि कमानीखालची सावली यांच्या तेजातला फरक हजारो पटींचा असू शकतो. रंगाला ते शक्य नाही. सर्वांत पांढरा रंगसुद्धा त्याच्यावर पडलेला प्रकाश फक्त परत पाठवतो, आणि सर्वांत काळा रंगही थोडासा प्रकाश परत पाठवतोच. दोघांमधला फरक काही दशपटींपलीकडे जात नाही. मोबाइलचा स्क्रीन स्वतः प्रकाश देतो, कॅनव्हास देत नाही. मग ऊन दाखवायचे कसे?

टर्नरने तीन गोष्टी केल्या.

पहिली, कॅनव्हासचा तळ पांढरा ठेवला. जुन्या पद्धतीत बरेच चित्रकार तपकिरी तळावर काम करायचे आणि त्यातून उजेड बाहेर काढायचे. टर्नर पांढऱ्या तळावर रंगाचे पातळ, पारदर्शक थर द्यायचा. प्रकाश थरातून आत जाऊन तळावर आपटून परत येतो, त्यामुळे रंग आतून उजळल्यासारखा वाटतो. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हेच काम करतो, आणि टर्नर जलरंगात मुरलेला होता. एका समकालीन कलासंग्राहकाने त्याला आणि त्याच्या वळणाच्या चित्रकारांना ‘पांढरे चित्रकार’ म्हणून हिणवले होते.

दुसरी, गडद रंग काटकसरीने वापरला. व्हेनिसच्या गोंडोला परंपरेने काळ्या असतात. चित्रातला बराचसा काळोख त्याने या लहान आकारांत कोंडला. मोठ्या फिकट पटावर थोडेसे काळे ठेवले की फिकट भाग आहे त्याहून उजळ वाटतो. डोळा तेज मोजत नाही, तुलना करतो.

तिसरी, ज्या जागी सर्वांत जास्त तेज हवे तिथे शिशापासून बनवलेला पांढरा रंग जाड थापला. अशा उंचवट्यावर खोलीतला प्रत्यक्ष प्रकाश चमकतो. रंगवलेल्या उजेडाला खऱ्या उजेडाची मदत मिळते. छायाचित्रात किंवा स्क्रीनवर हरवते ती नेमकी हीच गोष्ट.

व्हेनिसचा उजेड खरोखर वेगळा आहे का?

याचे उत्तर भूगोलात आहे. व्हेनिस उभे आहे ते सुमारे ५५० चौरस किलोमीटरच्या खाजणात. पाण्याची सरासरी खोली एक-दीड मीटर. चहूकडे उथळ, तुलनेने शांत पाणी आणि मध्ये शहर. सूर्यप्रकाश वरून येतोच, शिवाय पाण्यावरून परावर्तित होऊन खालूनही येतो. कमानींच्या आतल्या बाजू, पुलांचे पोट आणि छज्जांखालच्या जागा, ज्या इतर शहरांत काळ्या पडतात, त्या इथे उजळतात. त्यात इमारतींना वापरलेला इस्ट्रियाचा दगड जवळजवळ पांढरा. सान जॉर्जोचा दर्शनी भाग याच दगडाचा आहे.

परावर्तनाचे गणितही चित्रात दिसते. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवते, म्हणून आत डोकावता येते. नजर जितकी तिरपी, तितके परावर्तन जास्त. क्षितिजाजवळ पाण्याचा जवळपास आरसा होतो. चित्रातले दूरचे पाणी आकाशाच्या रंगाचे आणि जवळचे पाणी जास्त खोल रंगाचे असण्यामागचे कारण हेच.

टर्नरला हे अंदाजाने सुचले असेल असे समजू नका. तो १८०७ पासून तीस वर्षे रॉयल अकॅडमीत पर्स्पेक्टिव्ह म्हणजे यथार्थदर्शन या विषयाचा प्राध्यापक होता. व्याख्यानांसाठी त्याने केलेल्या मोठ्या आकृत्यांत काचेचे आणि धातूचे गोल आहेत. पाण्याने अर्धे भरलेल्या काचगोलात खिडकीचे प्रतिबिंब कसे पडते, कुठे वाकते, हे त्याने रंगवून दाखवले आहे. त्या आकृत्या आज लंडनच्या टेट संग्रहात आहेत.

रंग नेमके काय काम करतात?

टर्नरच्या ऐन उमेदीच्या काळात रसायनशास्त्राने चित्रकारांना नवे रंग दिले. कोबाल्ट निळा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. क्रोमियमपासून बनणारा झगझगीत क्रोम पिवळा त्याच्या पाठोपाठ बाजारात आला आणि टर्नरने तो लगेच उचलला. त्याच्या पिवळ्याची लंडनच्या वर्तमानपत्रांनी अनेकदा थट्टा केली.

व्हेनिसच्या चित्रांत मुख्य खेळ ऊबदार आणि थंड रंगांचा आहे. आकाश आणि पाणी निळसर, इमारती आणि होड्यांवरचे ऊन पिवळसर-गुलाबी. एक रंग दुसऱ्याला ढकलतो, त्यामुळे दोन्ही तीव्र वाटतात. माणसांच्या कपड्यांवर मधूनच लाल ठिपके येतात. क्षेत्रफळ नगण्य, पण नजर तिथे थांबते.

एक लाल ठिपका काय करू शकतो याचा टर्नरचाच किस्सा प्रसिद्ध आहे. १८३२ च्या प्रदर्शनात त्याचे राखाडी समुद्राचे चित्र जॉन कॉन्स्टेबलच्या चित्राशेजारी लागले होते. कॉन्स्टेबल आपल्या चित्रातल्या झेंड्यांवर आणि नावांवर शेंदरी रंगाचे शेवटचे हात मारत होता. प्रदर्शन उघडण्याआधी चित्रकारांना भिंतीवरच्या चित्रांवर अखेरचे काम करायची मुभा असे. टर्नर आला, दोन्ही चित्रांकडे पाहिले, आपल्या समुद्रावर नाण्याएवढा लाल ठिपका लावला आणि काही न बोलता निघून गेला. शेजारचे सगळे शेंदरी त्या एका ठिपक्याने फिके पडले. नंतर त्याने त्याच ठिपक्याला आकार देऊन पाण्यावर तरंगणारा बोया करून टाकला.

काहीच हलत नसताना हालचाल कशी दिसते?

चित्रात वादळ नाही. मोठ्या लाटा नाहीत. तरी पाणी थांबलेले वाटत नाही. याची कारणे तीन.

एक, प्रतिबिंबांचा आकार. पाणी अगदी स्थिर असेल तर इमारत जशीच्या तशी उलटी दिसते. पृष्ठभागावर बारीक तरंग असतील तर प्रत्येक तरंग म्हणजे थोडा वाकडा धरलेला छोटा आरसा. अशा हजारो आरशांमुळे प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या दिशेने लांब ओढले जाते. उभ्या रेषा टिकतात, आडव्या तुटतात. म्हणून मनोऱ्याचे प्रतिबिंब पाण्यात खांबासारखे उतरते आणि खिडक्यांच्या रांगा विरघळतात. टर्नर हे तुटलेपण लहान, सुट्या फटकाऱ्यांनी दाखवतो. ते पाहताच डोळा तरंग गृहीत धरतो, आणि तरंग म्हणजे हालचाल.

दोन, होड्यांची मांडणी. त्या एका रांगेत नाहीत. काही जवळ, काही दूर, काही तिरप्या. त्यांच्यामधल्या मोकळ्या पाण्यातून नजर वळणे घेत सान जॉर्जोपर्यंत जाते. प्रवास आपण करतो आणि वेग होड्यांना देतो.

तीन, कडांचा अभाव. वेगाने हलणाऱ्या वस्तूची कडा डोळ्याला धारदार दिसत नाही. टर्नर दूरच्या वस्तूंच्या कडा हवेत मिसळू देतो. इमारत कुठे संपली आणि तिच्या पायाचे पाणी कुठे सुरू झाले, हे काही ठिकाणी सांगता येत नाही. त्यामुळे दगडी शहरही पाण्याबरोबर किंचित हलल्यासारखे वाटते. भरती-ओहोटीमुळे व्हेनिसच्या कालव्यांतला प्रवाह साधारण दर सहा तासांनी दिशा बदलतो. तिथे स्थिर पाणी असा प्रकार फारसा नसतोच.

मग शेजारी कोळसा का?

व्हेनिसचे हे चित्र घेणारा हेन्री मॅकॉनेल हा मँचेस्टरचा कापड उद्योजक होता. त्याच्या घराण्याच्या सूतगिरण्या मँचेस्टरच्या मोठ्या गिरण्यांत गणल्या जात. मँचेस्टर हे नाव आपल्याला शाळेतल्या इतिहासातून ओळखीचे आहे. यंत्रावरचे स्वस्त सूत आणि कापड याच पट्ट्यातून हिंदुस्थानच्या बाजारात उतरले आणि इथल्या हातमागाचे कंबरडे मोडले.

मॅकॉनेलच्याच सुचवणीवरून टर्नरने पुढच्या वर्षी, १८३५ मध्ये, जवळपास त्याच आकाराचे दुसरे चित्र केले, ‘कीलमेन हीव्हिंग इन कोल्स बाय मूनलाइट’. ईशान्य इंग्लंडमधल्या टाइन नदीच्या मुखाजवळची रात्र. कील म्हणजे कोळसा वाहणारी सपाट नाव. कीलवरचे मजूर मशालींच्या उजेडात फावड्यांनी कोळसा मोठ्या जहाजांत चढवत आहेत. मध्ये चंद्राचा चंदेरी झोत पाण्यावर उतरलेला, उजवीकडे मशालींची नारिंगी आग, धूर आणि काळ्या आकृत्या.

दोन्ही चित्रे मनात शेजारी ठेवा. दोन्हींत पाणी, होड्या, दोन्ही कडांना उभे आकार आणि मध्ये दूरवर जाणारा उजेडाचा रस्ता. रचना मिळतीजुळती, बाकी सगळे उलटे. तिथे ऊन, इथे चांदणे. तिथे रेंगाळणाऱ्या गोंडोला, इथे घाम गाळणारे मजूर. तिथे जकातघर, ज्याच्यासमोर आता जगाचा व्यापार थांबत नाही. इथे कोळसा, ज्याच्यावर नवे जग चालू लागले आहे.

उजेडाची कमाल इथे जास्त कळते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पट मंद असतो. टर्नरकडे मात्र सूर्यासाठी आणि चंद्रासाठी पांढरा रंग एकच. तोच रंग व्हेनिसमध्ये निळ्या-पिवळ्यांच्या सोबत ऊन होतो, टाइनवर करड्या-काळ्यांच्या सोबत चांदणे होतो. चंद्रप्रकाश मुळात निळा नसतो, अंधुक उजेडात आपला डोळा तो निळसर वाचतो. मशालींचे नारिंगी शेजारी ठेवून टर्नरने तो निळसरपणा आणखी वाढवला.

या जोडीचा सरळ अर्थ असा लावता येतो, की एक व्यापारी सत्ता मावळली, दुसरी रात्रीचा दिवस करून वर चढते आहे. गिरणीमालकाच्या दिवाणखान्यात हा अर्थ सुखावणारा होता. पण चित्रांत एक खोच राहते. मावळलेले शहर उन्हात न्हाले आहे आणि चढती सत्ता धुरात, काळोखात, पाठी वाकवून उभी आहे. जकातघरावरची भाग्यदेवता वाऱ्याबरोबर तोंड फिरवते. आज इंग्लंडकडे, उद्या आणखी कुणाकडे. टर्नरचा पाठीराखा, समीक्षक जॉन रस्किन याने १८५१ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकलेवर लिहिलेल्या ग्रंथाची सुरुवात याच इशाऱ्याने केली. व्हेनिसची गत विसरलात तर तुमचीही तीच होईल, असे त्याने इंग्लंडला बजावले.

टर्नरचा उजेड टिकला का?

पूर्णपणे नाही. ‘अप्रोच टू व्हेनिस’ हे १८४४ चे चित्रही आज वॉशिंग्टनलाच आहे. संध्याकाळी खाजणातून होड्या शहराकडे निघाल्या आहेत, शहर क्षितिजावरच्या फिकट रेषेएवढे उरले आहे. रस्किनने या चित्राच्या रंगांची अतोनात स्तुती केली. नंतर त्याच रस्किनने त्यातले रंग मेल्याची खंत नोंदवली.

कारण रासायनिक आहे. लाल छटांसाठी टर्नर वापरत असलेले काही सेंद्रिय रंग प्रकाशात उडतात. क्रोम पिवळा काळाबरोबर काळवंडू शकतो. असे उडणारे रंग का घेता, असे रंगविक्रेता विल्यम विन्सरने टोकले तेव्हा रंग बनवणे तुमचे काम, वापरणे माझे, अशा अर्थाचे उत्तर टर्नरने दिल्याचा किस्सा सांगितला जातो. ज्या प्रकाशासाठी हा माणूस आयुष्यभर झटला, त्याच प्रकाशाने त्याच्या चित्रांतले काही रंग खाल्ले. आज संग्रहालये जुनी चित्रे मंद उजेडात ठेवतात आणि प्रकाशातली अतिनील किरणे गाळतात, ती यासाठीच.

‘अप्रोच टू व्हेनिस’मध्ये आणखी एक गोष्ट संपत आलेली दिसते. पाण्यातून हळूहळू शहराजवळ जाणे हाच तोवर व्हेनिस गाठण्याचा मार्ग होता. हे चित्र प्रदर्शित झाले तेव्हा खाजणावर सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या रेल्वे पुलाचे काम सुरू होते. जानेवारी १८४६ मध्ये तो खुला झाला. जवळपास सहा वर्षांनी, डिसेंबर १८५१ मध्ये टर्नर वारला. १८८१ मध्ये ग्रँड कॅनालमध्ये वाफेची बोट धावू लागली. टाइनवर मजूर जहाजांत भरत होते तो कोळसा ज्या युगाचे इंधन होता, ते युग अशा रीतीने गोंडोलांच्या दारात पोहोचले.

आज तिथे काय आहे?

डोगानाची इमारत २००९ पासून समकालीन कलेचे संग्रहालय आहे. जपानी वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी तिची आतून नव्याने मांडणी केली. बाहेरची भाग्यदेवता अजून फिरते.

चित्रातल्या पाण्याला मात्र नवे ताण आहेत. मोटरबोटींच्या सततच्या लाटा पाण्याचा आरसा फोडतात आणि इमारतींचे पाये झिजवतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बोटी थांबल्या, तळाचा गाळ बसला आणि कालवे नितळ दिसू लागले. ती छायाचित्रे जगभर फिरली. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी पाण्याची पातळी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली आणि शहराचा मोठा भाग बुडाला. ऑक्टोबर २०२० मध्ये खाजणाच्या तोंडांवर बसवलेले यांत्रिक बांध प्रथमच मोठ्या भरतीच्या वेळी उचलले गेले. १ ऑगस्ट २०२१ पासून महाकाय क्रूझ जहाजांना सान मार्कोसमोरच्या जलमार्गावर बंदी आहे. डोगाना आणि सान जॉर्जो यांच्यासमोरचे, टर्नरने रंगवलेले पाणी हेच.

मोबाइलवर हे चित्र कसे पाहावे?

नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संकेतस्थळावर ही चित्रे मोठ्या आकारात मोफत उपलब्ध आहेत. फोन आडवा धरला तरी १२२ सेंटिमीटरचे चित्र कित्येक पट लहान होते. म्हणून एकदा पूर्ण चित्र पाहा आणि मग झूम करा.

आधी सर्वांत काळ्या जागा शोधा. त्या किती कमी आहेत ते मोजा. मग लाल ठिपके. नंतर एखादा मनोरा धरून त्याचे प्रतिबिंब खालपर्यंत शोधत जा आणि ते कुठे तुटते ते पाहा. शेवटी अंगठा सरकवून कीलमेनचे चित्र उघडा आणि पुन्हा व्हेनिसवर या. ब्राइटनेस बदलू नका. स्क्रीनची सेटिंग तीच असते, तरी पहिल्या चित्रात डोळे दिपतात आणि दुसऱ्यात अंधाराला सरावतात. त्याच स्क्रीनवर ऊन आणि चांदणे दोन्ही दिसतात, ते टर्नरने प्रत्येक रंगाला कोणता शेजार दिला त्यावर.